कडक ताईने दाबलेलं बटण

गल्लीत तिला सगळे कडक ताई म्हणायचे. हे नाव निम्मं तिच्या हातच्या कॉलरींवरून पडलं होतं आणि निम्मं तिच्या जिभेवरून. लाँड्रीच्या पाटीवर तिचं नाव नव्हतंच. ‘धुलाई, ड्रायक्लीन, इस्त्री’ एवढंच, आणि खाली मोबाईल नंबर. गिऱ्हाईक कपडे टाकायला आलं की ती आधी खिसे उलटे करायची, मग शर्ट उजेडाला धरायची आणि चारचौघांत विचारायची, “हा डाग कधीचा? आणि आज आठवण झाली होय?” चांगले चांगले टायवाले साहेब मान खाली घालून म्हणायचे, मागच्या आठवड्यातला. “खोटं. महिना झाला असेल,” असं म्हणून ती कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची. लोक पाठीमागे कुरकुरायचे आणि परत तिच्याकडेच यायचे, कारण तिच्या हातून गेलेल्या पँटची घडी बसून उठलं तरी मोडत नसे.

अशी ही बाई. कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि कुणाचं ऐकूनही घ्यायची नाही. नवरा लवकर गेला. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात ती आणि सून. सून एका विमा कचेरीत कामाला होती आणि सासूला पुरून उरणारी होती, म्हणून दोघींचं बरं चाललं होतं.

वर्षातून एक आठवडा मात्र दुकानाचं शटर खाली असायचं. मग कुणाच्या मुलाखतीचा कोट अडकलेला असो, नाहीतर कुणाच्या साखरपुड्याची साडी. “आठवडाभर दुकान नाही. उघडं जायचं असेल तर जा,” असं ती सांगायची. तो आठवडा ती नदीकाठच्या कॅम्पवर जायची. शहराबाहेर तीन तासांवर नदीच्या वळणाला तंबू ठोकायच्या जागा होत्या, नंबर टाकलेल्या. त्यातली सात नंबरची तिची.

सात नंबर म्हणजे काही राजवाडा नव्हता. नळ लांब, संडास त्याहून लांब, आणि तंबूची एक बाजू कायम उताराला. पण ही जागा आईची होती. लाँड्री आईनेच काढलेली. सोडा आणि पाणी यांनी आईच्या हातांची सालं निघायची, आणि वर्षातून एकदा त्या हातांना सुट्टी म्हणून ती दोन्ही मुलींना घेऊन इथं यायची. दिवसभर पाण्यात पाय सोडून बसायची. “आता कुणाचे कपडे ओले झाले तरी मला काय त्याचं!” म्हणायची आणि हसायची. आई गेल्यावर ताईचं सगळ्या जगाशी वाकडं झालं असेल, पण सात नंबरवर बसलं की ती आईशी मोठ्याने बोलायची. दुकानात काय झालं, पोराचं कसं चाललंय, गुडघे किती दुखतात, सगळं. दुसरीकडे कुठं तिला ते जमायचं नाही. घरी करून बघितलं होतं, पण स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. म्हणून त्या आठवड्यात ती जागा तिला हवीच असायची. दुसरी चालायची नाही.

दोन्ही मुली म्हटलं ना मी? तर दुसरी म्हणजे धाकटी. तिचं नाव या घरात निघत नसे. आई शेवटी आठ महिने अंथरुणावर होती ती ताईच्या घरी. कूस बदलायची, भांडं द्यायचं, रात्री उठायचं, सगळं ताईने केलं. धाकटी सुट्टीच्या दिवशी फळं घेऊन यायची, आईच्या उशाशी तासभर बसायची आणि जाताना सांगायची की खिडकी उघडी ठेवत जा, हवा खेळू दे. खिडकी! ताईच्या डोक्यात ती खिडकी जाऊन बसली. आई गेली त्या दिवशी, माणसं अजून बसलेली असताना, ताईच्या तोंडाचा पट्टा सुटला. “पाहुणी म्हणून आलीस, पाहुणी म्हणून जा,” असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. धाकटीने चपला घातल्या आणि ती गेली. मग ना हिने फोन केला, ना तिने. पुढे ताईचा जुना फोन पाण्यात पडला, नव्या फोनमध्ये धाकटीचा नंबर आला नाही, आणि ताईने तो कुणाकडे मागितलाही नाही. मागायला गेलं तर नाक खाली होतं ना!

असो. कॅम्पचं बुकिंग ही इतकी वर्षं एका मिनिटाची गोष्ट होती. ताई फोन लावायची. पलीकडून कॅम्पच्या फोनवाल्या बाई उचलायच्या. या बाई कधी दिसल्या नाहीत, पण आवाज असा की जणू शेजारच्या खोलीतून बोलताहेत.

“बोला, लाँड्रीवाल्या ताई.”

“नेहमीचंच.”

“टाकलं. गुडघे काय म्हणतात?”

“बोंबलतात. तुमची पाठ?”

“तिला विचारू नका.”

संपलं बुकिंग. फोनवाल्या बाईंना प्रत्येकाचं माहीत असे. कुणाला घोरणारा शेजार नको, कुणाच्या कुत्र्याला पोरांची भीती वाटते, कुणाला सकाळचं ऊन हवं. एकदा सांगितलं की परत सांगावं लागत नसे. ताईला वाटायचं, जगात आपल्याशिवाय नीट काम करणारी ही एकच बाई आहे.

या वर्षी फोन लावला तर पलीकडे एक पोरगी बोलायला लागली. गोड, थंड आणि न थांबणारी. “आपले स्वागत आहे. आपल्या सोयीसाठी सर्व नोंदणी आता फक्त आमच्या संकेतस्थळावर.” ताई म्हणाली, “अगं, बाईंना दे.” पोरगी म्हणाली, “आपले स्वागत आहे.” ताईने तिला तीनदा दम दिला, मग तिच्या लक्षात आलं की ही टेप आहे. ती फोन हातात धरून दुकानाच्या मधोमध उभी राहिली. वाफेची इस्त्री टेबलावर फुसफुसत होती आणि एका उशीच्या अभ्र्याला तपकिरी ठसा पडला, तरी तिचं लक्ष नव्हतं. तिच्या हातून कापड जळालं! गल्लीत ही बातमी संध्याकाळपर्यंत फिरली.

“आपल्या सोयीसाठी म्हणे,” ती सुनेला म्हणाली. “कुणाची सोय? मी मागितली होती का सोय?”

सूनबाईंनी लॅपटॉप उघडला आणि सासूचं खातं काढायला घेतलं. इथून पुढे जे झालं ते बघून ताईचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. आधी पासवर्ड. ताईने आईचं नाव सांगितलं. चालत नाही, अक्षरं कमी. मग आईचं नाव आणि दुकानाचं नाव सांगितलं. चालत नाही, आकडा हवा. आकडा घातला. चालत नाही, चिन्ह हवं.

“कसलं चिन्ह? कपाळावर लावू का?”

मग चित्रं आली. ज्या चित्रांत जिने दिसतात ती निवडा आणि तुम्ही यंत्र नसल्याची खात्री पटवा. ताईने ते दोनदा वाचून घेतलं. “म्हणजे यंत्र मला विचारतंय, तू माणूस आहेस का?”

“हो आई. सगळीकडे असंच असतं.”

“आणि आपण सिद्ध करून द्यायचं?”

“हो.”

“काय दिवस आले गं!” असं म्हणून तिने कठडा असलेलं एक चित्र दाबलं, आणि यंत्राला ती माणूस असल्याचं पटलं नाही. कठडा हा जिन्याचा भाग आहे की नाही यावर सासू-सुनेचं चांगलंच वाजलं.

खातं एकदाचं उघडलं, तर पुढचा धक्का. जागा आत्ता मिळणार नाहीत. सगळ्या हंगामाच्या जागा एकाच दिवशी सकाळी नऊला खुल्या होणार, आणि जो आधी दाबेल त्याची जागा. नेहमीचा म्हणून कुणी नाही, जुना म्हणून कुणी नाही. “म्हणजे काल जन्मलेला कुणीही उपटसुंभ आईच्या जागेवर बसणार?” मधल्या दिवसांत सुनेने सासूची शिकवणी घेतली. कारण मोबाईल नंबर असा वेबसाइटवर दिला की चोरटे लगेच मागे लागतात. अनोळखी मेसेजला भुलायचं नाही. लिंक उघडायची नाही. कोड सांगायचा नाही. तिच्या विमा कचेरीत रोज एक तरी माणूस रडत यायचा, एक बटण दाबलं आणि सगळं गेलं म्हणून. ताईने कानाला खडा लावला. “माझ्याकडे येऊ दे कुणी,” ती म्हणाली, “नाही त्याला पिळून वाळत घातला तर विचार.”

तो दिवस उजाडला. सून लॅपटॉपपुढे, ताई तिच्या मागे खुर्चीची पाठ धरून उभी, स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलेलं. नऊ वाजले. नकाशावरच्या जागा एकदम हिरव्या झाल्या. सुनेने सातवर दाबलं, आठवडा निवडला, ताईचा नंबर घातला, आणि लाल अक्षरं आली. ‘या मोबाईल क्रमांकावर या आठवड्याची नोंदणी आधीच झालेली आहे.’

“कुणाची नोंदणी? माझी? मी केलेली नाही!”

“काहीतरी गडबड आहे. परत करते.”

परत तेच. आणि तिसऱ्यांदा बघतात तर सात नंबर करडा. गेला! शेजारचा आठ गेला, बारा गेला, नदीकाठची सगळी ओळ बघता बघता करडी झाली. इतक्या वर्षांची जागा डोळ्यांदेखत गेली, आणि कुणी नेली तो दिसलासुद्धा नाही. भांडायला समोर माणूसच नाही! समोर माणूस नसताना कसं भांडायचं हे त्या बाईला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला आणि सून आत धावली. आणि ताईच्या हातातला फोन वाजला. मेसेज होता. ‘आपला क्रमांक एका नोंदणीत जोडण्यात आला आहे. स्वीकारा. नाकारा.’ खाली दोन बटणं.

आला चोर, ताईच्या मनात आलं. याच भामट्याने माझा नंबर वापरला आणि माझी जागा नेली, आणि वर मलाच विचारतोय. तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने अंगठा वर उचलला आणि ‘नाकारा’वर असा दाबला की काच फुटते की काय.

सून फडकं घेऊन बाहेर आली. “अहो आई, काहीच दाबायचं नसतं!”

“का? चोराला नको म्हणायचं नाही, तर काय या म्हणायचं?”

दिवसभर तिने ही गोष्ट सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितली. जागा गेली त्याचं दुःख होतंच, पण निदान चोराला तरी दारातून हाकलला, एवढंच समाधान. लोक म्हणाले, ताई, तुमच्यापुढे कुणाचं चालणार!

दुसऱ्या दिवशी सुनेने शोधून काढलं की कुणी जागा सोडली तर ती रोज दुपारी बाराला परत खुली होते. तिला सुट्टी होतीच, ती लॅपटॉप घेऊन दुकानातच बसली, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर. सात नंबर सुटेल अशी आशा तिला नव्हती, पण सासूचा उतरलेला चेहरा तिला बघवत नव्हता. ताईने मात्र ठरवलं होतं की माणसाशी बोलल्याशिवाय ती गप्प बसणार नाही. तिने कॅम्पचा नंबर लावला आणि त्या गोड पोरीचं सगळं भाषण पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. नोंदणीसाठी संकेतस्थळ, तक्रारीसाठी संकेतस्थळ, सूचनांसाठी संकेतस्थळ. आणि अगदी शेवटी, ‘कॅम्पवर हरवलेल्या वस्तूंसाठी चार दाबा.’ ताईने चार दाबला.

“हरवलेल्या वस्तू. काय हरवलंय?”

ताईच्या हातातला हँगर खाली पडला. “बाई? तुम्ही?”

“लाँड्रीवाल्या ताई!” फोनवाल्या बाईंचा आवाज पडलेला होता. “मला इथं बसवलंय. छत्र्या आणि पोरांच्या चपला सांभाळते आता. बुकिंगला हात लावायचा नाही, नुसतं स्क्रीनवर बघायचं.”

“अहो, माझी सात नंबर कुणीतरी चोरली! माझ्याच नंबरवर बुकिंग केलं, आणि वर मलाच मेसेज. मी पण सोडला नाही, दिला नकार तोंडावर.”

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली.

“नकार तुम्ही दिलात?” बाईंनी विचारलं. “समजून उमजून?”

“मग! चोराला कुणी हो म्हणतं का?”

“ताई, तो चोर नव्हता,” फोनवाल्या बाई म्हणाल्या. “तुमची धाकटी बहीण होती ती.”

ताईने काउंटरची कड धरली. मागे चादरींच्या गठ्ठ्यावर सून काहीतरी म्हणत होती, ते तिला ऐकू आलं नाही.

“सात नंबर तिनेच घेतलाय. दोन माणसांचं बुकिंग आहे. पहिलं नाव तिचं आणि दुसरं तुमचं. तुमचा नंबर दुकानाच्या पाटीवरून घेतला म्हणाली. दुसऱ्या माणसाने होकार द्यावा लागतो, म्हणून तुम्हाला मेसेज आला. तुमचा नकार तिला लगेच पोहोचला. काल दुपारी तिने मला इथं फोन केला. जागा सोडतेय म्हणाली, मला तिथं एकटीने बसवणार नाही.”

“तिला काय माहीत मी कोणत्या आठवड्यात येते?”

“तिला नाही माहीत तर कुणाला? ती दर वर्षी येते, ताई. तुमच्या नंतरच्या आठवड्यात. सात नंबरवरच.”

ताईने बोटांवर आठवडे मोजले. दर वर्षी? म्हणजे ही तंबू काढून बस पकडायची आणि ती तंबू घेऊन उतरायची? एकाच दगडावर, त्याच पाण्यात पाय सोडून, आठवड्याच्या फरकाने दोघी बसत होत्या, आणि तिला कुणी सांगितलंसुद्धा नाही?

“बाई, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?”

“तुम्हीच सांगितलं होतंत ना! आई गेल्यावर पहिल्या वर्षी मी विचारलं, धाकट्या बाई पण येणार ना? तुम्ही म्हणालात, मी जिथं असेन तिथं ती नको. तिचं नावही मला सांगायचं नाही, कध्धी नाही. मी ते पाळलं.” बाई पुढे म्हणाल्या, “ती दर वर्षी मला विचारायची, ताईच्याच आठवड्यात शेजारची जागा द्याल का? मी दर वर्षी नाही म्हणायचे. मला वाटायचं, मी तुमचं काम नीट करतेय. या वर्षी मध्ये मी नव्हते, नुसतं यंत्र होतं. त्याला कुणाचं भांडण माहीत नाही. तिने आपल्या हाताने तुमचा आठवडा घेतला.”

ताईला आपलं ते बोलणं आठवतही नव्हतं. रागाच्या भरात माणूस काय काय बोलतो, आणि फोन ठेवला की विसरतो. आणि इथे एक बाई ते वाक्य वर्षानुवर्षं इमानदारीत पाळत बसली होती! कुणावर ओरडायचं? फोनवाल्या बाईंवर? त्यांनी सांगितलेलं काम केलं. यंत्रावर? त्याने तर दार उघडून दिलं होतं. आणि ते दार उघडं बघितल्यावर हिने काय केलं? धाड्कन लावलं, आणि दिवसभर गल्लीत फुशारकी मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोर नव्हताच कुणी.

“मला तिचा नंबर द्या,” ती म्हणाली.

“नंबर द्यायची मला परवानगी नाही.”

“बाई, मी पाया पडते.”

“पाया पडू नका. नंबर दिला तर आहे ही खुर्चीही जाईल.” बाईंनी आवाज खाली आणला. “पण माझ्या टेबलावर दोन फोन आहेत. तुम्ही फोन ठेवू नका.”

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. मग खरखर, मग लाकडावर काहीतरी ठेवल्यासारखं. फोनवाल्या बाईंनी दोन्ही रिसीव्हर टेबलावर समोरासमोर ठेवले होते, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. लांबून, विहिरीतून यावी तशी रिंग ऐकू येत होती. मग ती थांबली.

“हॅलो?”

ताईने तोंड उघडलं. जिच्या जिभेला गल्ली घाबरायची, तिच्या जिभेवर काही म्हणता काही येईना.

“हॅलो? कोण आहे?”

“मी गं,” ताई म्हणाली. “ताई.”

मग धाकटी म्हणाली, “नको म्हणालीस ना तू. कळलं मला. आता आणि काय सांगायचं राहिलंय?”

“तुला नाही म्हटलं मी! मला काय माहीत तू आहेस? अगं, मी चोराला नको म्हटलं.”

“चोराला?”

“नंबर मागतात, कोड मागतात ते चोर. सुनेने शिकवलं होतं. मला वाटलं, कुणीतरी भामट्याने आईची जागा लाटली आणि वर मलाच विचारतोय. म्हणून दाबलं. जोरात दाबलं.”

धाकटी रडतेय की हसतेय, हे त्या दोन रिसीव्हरांतून कळत नव्हतं. ताईने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला.

आणि नेमकं तेव्हाच सून गठ्ठ्यावरून ओरडली. “आई! सुटली! सात नंबर हिरवी झाली! मी घेतली, नाव घातलं. तुमच्या फोनवर कोड आलाय, तेवढा सांगा, लवकर!”

ताईच्या कानाशी फोन थरथरला. कोड आला होता. एवढंच करायचं होतं, फोन कानावरून काढायचा, आकडे वाचायचे आणि परत कानाला लावायचा. सुनेने हात पुढे केला होता, बोटं कीबोर्डवर तयार होती.

“ताई,” पलीकडून धाकटी म्हणाली, “जागेसाठी फोन केलास का?”

ताईने सुनेकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. सूनबाई आ वासून बघत राहिल्या. “आई, एक सेकंद फक्त! वेळ संपतोय, जाईल हो!” ताईने फोनवरचा हात ढिला केला नाही. मोठ्या आशेने बघणारी सून हळूहळू स्क्रीनकडे वळली. “गेली,” ती म्हणाली. “घेतली कुणीतरी.”

“जागा गेली,” ताईने फोनमध्ये सांगितलं. “आत्ता. दुसऱ्या कुणाला मिळाली.”

“अगं, मग घ्यायची ना!” धाकटी एकदम कळवळली. “मी थांबले असते की दोन मिनिटं.”

“इतकी वर्षं थांबलीस ते काय कमी झालं?” ताई म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना. चादरी पडल्या होत्या, गिऱ्हाईक दारात उभं होतं, कुणाची म्हणून पर्वा न करता ती कडक बाई तोंड वाकडं करून रडत होती. “खड्ड्यात गेली जागा. मी शटर ओढते आणि येते तुझ्याकडे. आत्ता येते. तुम्ही मोठ्या घरात राहायला गेलात असं कुणीसं सांगत होतं मागे. पत्ता सांग.”

“पत्ता?” धाकटी म्हणाली.

“हो गं, पत्ता. कुठं आहे घर?”

“कुणी सांगितलं तुला?” लांबच्या त्या आवाजात आता चकित झाल्यासारखं काहीतरी होतं. “पत्ता तोच आहे, ताई. आम्ही घर बदललंच नाही.”

त्या घराकडे जाणारी बस दुकानासमोरूनच सुटायची. दर अर्ध्या तासाने.